गोदाकांठीं मुलांचा तळ

सहामाहीची परीक्षा संपून दिवाळीची सुटी लागली, कीं परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड या गांवांतील पुष्कळ घरांत एक लहानसा वाद उपस्थित होतो. शाळेचें बालवीर पथक तीन-चार दिवसांसाठीं येलदरीच्या जलाशयाकडे किंवा गोदावरीच्या कांठीं तळ ठोकण्यास निघणार असतें. मुलाची वळकटी मनांत केव्हांच बांधून झालेली असते. संमतिपत्रकावरील सही तेवढी राहिलेली असते. वडील सही करण्यास तयार असले तर आजी आड येते, आणि आजी कबूल झाली तर आई विचारते, "तिथें पाणी किती खोल आहे?"

हा प्रश्न भित्रेपणाचा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२१ या एका वर्षांत जगांत सुमारें ३ लाख माणसें बुडून मेलीं, आणि त्यांत लहान मुलांचा व तरुणांचा वांटा फार मोठा होता. तेव्हां आईच्या प्रश्नाला "कांहीं होत नाहीं हो" हें उत्तर पुरेसें नाहीं. असें उत्तर देणाऱ्या शिक्षकाच्या हातीं मूल देऊं नये, हेंच शहाणपणाचें. जो शिक्षक खोली सांगतो, कांठ कसा आहे तें सांगतो, आणि पोहणारे मोठे इसम किती बरोबर आहेत हें आपण होऊन सांगतो, त्याच्याबरोबर मूल पाठवावें.

परंतु मूल घरींच ठेवल्यानें तें पाण्यापासून दूर राहतें काय? येथें पालकांचा हिशेब बहुधा चुकतो. ज्या मुलाला नदीकडे जाण्यास बंदी असते, तो नदीकडे जात नाहीं असें नाहीं. तो न सांगतां जातो. चैत्र-वैशाखांत ऊन तापलें, कीं चार मित्र दुपारीं घरांतील माणसें निजलेलीं पाहून बाहेर पडतात आणि कोणाच्या तरी मळ्यांतील विहिरीवर जातात. अलीकडे त्यांत शेततळ्यांची भर पडली आहे. २०१६ सालीं 'मागेल त्याला शेततळें' ही योजना निघाली आणि मराठवाड्यांत अशीं तळीं पुष्कळ झालीं. शेताला तीं वरदान आहेत, यांत शंका नाहीं. पण ज्या तळ्याला आंतून प्लास्टिकचा कागद लावलेला असतो, त्यासारखी फसवी जागा दुसरी नाहीं. पाणी स्थिर, निळसर, दिसण्यांत गरीब. आंत उतरलेल्या मुलाचा पाय त्या शेवाळलेल्या उतारावर ठरत नाहीं. वर येण्यास धरावयाला मूळ नाहीं, दगड नाहीं, पायरी नाहीं. चांगला पोहणाराहि तेथें दमून बुडतो. हें ज्ञान मुलाला घरांत बसून होत नाहीं, आणि शाळेच्या पुस्तकांतहि तें कोठें लिहिलेलें नसतें.

जुन्या काळीं खेड्यांतील मुलगा पाठीला वाळलेला भोपळा बांधून विहिरींत उडी घेई, व काका किंवा मामा वर दोर धरून उभा असे. आज परभणी शहरांतल्या मुलाचा पाण्याशीं संबंध नळाची वेळ, टांकी आणि टँकर यांच्यापलीकडे क्वचितच जातो. २०१६ च्या एप्रिलमध्यें शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, ही गोष्ट आजचीं मुलें गोष्ट म्हणूनच ऐकतात. ज्या प्रदेशांत पाण्याचें एवढें मोल, त्याच प्रदेशांतल्या मुलांना पाण्याचा स्वभाव ठाऊक नसावा, हें विपरीत आहे. तळाचा खरा उपयोग हा आहे. मासे मिळाले तर तो लाभ वरकड समजावा.

मुलांना शिस्तीनें उघड्यावर नेण्याच्या प्रथेचा इतिहास थोडक्यांत सांगण्यासारखा आहे. १९०७ च्या ऑगस्टमध्यें इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेल यांनीं सुमारें वीस मुलांना घेऊन तळ ठोकला. त्यांत बड्या घरचीं मुलें होतीं, तशीं कामकऱ्यांचींहि होतीं. पुढल्या वर्षीं त्यांचें पुस्तक निघालें आणि ही चळवळ पसरली. हिंदुस्थानांत १९०९ पासून पथकें निघूं लागलीं. पण त्यांत हिंदी मुलांना प्रवेश नव्हता. ही उणीव १९१६ सालीं मद्रासेस ॲनी बेझंट यांनीं, आणि नंतर लवकरच अलाहाबादेस पंडित मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम बाजपेयी यांनीं सेवासमितीच्या द्वारें भरून काढली. ७ नोव्हेंबर १९५० रोजीं निरनिराळ्या संस्था एकत्र होऊन आजची भारत स्काउट्स आणि गाईड्स ही संस्था झाली. मराठींत स्काउटला 'बालवीर' व गाईडला 'वीरबाला' हीं गोड नांवें मिळालीं. वीरबालांचा तळ मात्र अजून पुष्कळदां शाळेच्या पटांगणांतच पडतो. मुलींना पाणी कमी बुडवितें अशी जर कोणाची समजूत असेल तर गोष्ट निराळी. नसेल, तर त्यांनाहि नदीवर नेलें पाहिजे.

आतां जागेविषयीं. परभणी जिल्ह्याला गोदावरी, पूर्णा व दुधना अशा तीन नद्या लाभल्या आहेत. त्र्यंबकेश्वरीं उगम पावून सुमारें १४६५ किलोमीटर वाहणारी गोदावरी या जिल्ह्याच्या दक्षिण अंगानें पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम या तालुक्यांतून जाते. संत जनाबाईचें गंगाखेड तिच्याच कांठीं आहे, आणि मुदगलचें देऊळ तर प्रत्यक्ष पात्रांत उभें आहे. पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरांतून येते, वाटेंत दुधनेला पोटांत घेते आणि पूर्णा तालुक्यांत कंठेश्वराजवळ गोदावरीला मिळते. हिच्याच पात्रावर जिंतूर तालुक्यांत येलदरीचें धरण आहे. १९६८ सालीं तें पुरें झालें. त्याच्या पायथ्याशीं साडेसात-साडेसात मेगावॅटचे तीन वीजसंच आहेत, आणि तेथून सोडलेलें पाणी खालीं सिद्धेश्वरच्या धरणांत अडविलें जातें. तें सिद्धेश्वर १९९९ च्या मे महिन्यापासून नव्या हिंगोली जिल्ह्यांत गेलें आहे.

गोदावरीचें पात्र दिसण्यांत फार रमणीय. ढालेगांव, तारुगव्हाण, मुदगल, मुळी, डिग्रस अशा बंधाऱ्यांनीं आतां ती नदी ठिकठिकाणीं तुंबून राहिली आहे, आणि बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पाणी इतकें संथ असतें कीं ही नदी आहे कीं तळें आहे असा भ्रम व्हावा. या संथपणावर विसंबणें धोक्याचें आहे. आणि त्याचीं कारणें दोन आहेत.

पहिलें कारण वाळूचें. पात्रांतील वाळू यंत्रांनीं उपसली जाते, आणि जेथून ती उपसली तेथें खड्डा राहतो. पावसाळ्यांत पाणी चढलें, कीं तो खड्डा झांकला जातो. गुडघाभर पाण्यांतून चालणारा मुलगा पुढलें पाऊल टाकतो आणि पुरुषभर खोल जातो. खड्ड्याची कड वाळूचीच असल्यामुळें ती हातांत धरवत नाहीं. धरावी तों ढासळते. वडीलधारीं माणसें "आम्ही लहानपणीं इथेंच पोहत होतों" असें सांगतात, तें खरें असतें. पण त्यांच्या लहानपणची नदी आणि आजची नदी एक नव्हे. नदीच्या तळाविषयीं गेल्या वर्षींची माहिती या वर्षीं उपयोगी पडत नाहीं. त्यासाठीं तळाच्या आदल्या दिवशीं दोन मोठ्या माणसांनीं, कमरेला दोर बांधून, वेळूच्या काठीनें पात्र चांचपून पाहावें आणि जेवढें पाहिलें तेवढ्यालाच खुंट्या ठोकून हद्द घालावी. हें काम कंटाळवाणें आहे. पण तें ज्याला जमत नसेल त्यानें मुलें घेऊन नदीवर जाऊं नये.

दुसरें कारण वरून येणाऱ्या पाण्याचें. पैठणचें जायकवाडी धरण १९७६ सालीं सुरू झालें. सिंदफणेवर माजलगांवचें धरण आहे, आणि ती नदीहि गोदावरीलाच मिळते. या धरणांतून किंवा बंधाऱ्यांच्या दरवाजांतून पाणी सोडलें, तर गंगाखेडास आभाळ निरभ्र असतांनाहि नदी चढते. येलदरीच्या खालींहि तसेंच आहे. वीजसंच चालू झाले कीं पूर्णेचें पाणी हां हां म्हणतां वाढतें. म्हणून वाळवंट कितीहि मऊ व चांदणें कितीहि सुंदर असलें, तरी तंबू पात्रांत ठोकावयाचा नाहीं. कांठावर पुराच्या कचऱ्याची रेघ शोधावी. बाभळीच्या फांद्यांना अडकलेलें गवत, चिंध्या, प्लास्टिक यावरून पाणी कोठवर आलें होतें तें कळतें. त्या रेघेच्या बरेंच वर तळ असावा. पाटबंधाऱ्याच्या कचेरींत जाऊन त्या आठवड्यांत पाणी सोडणार आहेत काय, याची चौकशी करावी, व तेथील दूरध्वनीचा अंक नायकाच्या वहींत लिहून ठेवावा.

या सर्व दृष्टींनीं पाहतां नवख्या पथकाला नदीपेक्षां जलाशयाचा कांठ बरा. त्यांतहि उतार सौम्य असेल असा. येलदरीच्या सभोंवारच्या माळावर अशा जागा मिळतात. मात्र तेथें मासे धरणें हा कोणाचा तरी हक्क आहे, हें विसरूं नये. जलाशयांतील मासेमारी सहकारी संस्थांना ठेक्यानें दिलेली असते. मत्स्यबीज त्या सोडतात, आणि त्यावर भोई कुटुंबांचा निर्वाह चालतो. म्हणून धरणाच्या अधिकाऱ्यांची जशी लेखी परवानगी हवी, तशीच संस्थेचीहि हवी. ही परवानगी मागावयास पथकांतील दोन मुलांनाच पाठवावें. आपल्या मौजेसाठीं दुसऱ्याच्या दाराशीं जाऊन विचारावें लागतें, हा अनुभव शहरांतल्या सुखवस्तु मुलांना क्वचितच येतो. संस्थेचीं माणसें बहुधा नकार देत नाहींत. उलट एकादा वयस्क भोई आपण होऊन तळावर येतो. मुलें त्याला 'मामा' म्हणूं लागतात, आणि दुसऱ्या दिवसापासून शिक्षकांपेक्षां त्याचाच शब्द अधिक चालतो. शिक्षकानें याचें वाईट वाटून घेऊं नये. वाऱ्याचा रोख बदलला कीं मासा कोणत्या कांठाला लागतो, हें त्याच्या पदवींत शिकविलेलें नसतें.

भोई लोक थर्मोकोलच्या तराफ्यावर किंवा फुगविलेल्या ट्यूबवर बसून जाळीं सोडण्यास जातात. मुलांना त्याचा मोह पडतो. येथें मामाचाहि शब्द चालूं द्यावयाचा नाहीं. तराफा हें त्याच्या पोटाचें साधन आहे आणि त्याचा तोल त्याच्या अंगांत मुरलेला आहे. मुलांनीं कांठावरूनच गळ टाकावा.

गळाची सामग्री विकत आणण्याचें कारण नाहीं. काठी वेळूची, दोरा नायलॉनचा, वजनाला शिशाचा मणी. तरंगण्यासाठीं ज्वारीच्या ताटाचें भेंड उत्तम. परभणीस कृषि विद्यापीठ १९७२ पासून आहे व तेथें निघालेलें 'परभणी मोती' हें रब्बी ज्वारीचें वाण सर्वत्र माहीत आहे. त्या ज्वारीचें भेंड माशालाहि फसवितें, हें विद्यापीठानें कोठें नोंदविलेलें नसावें. आमिषाला गांडूळ, अगर कणकेंत शेंगदाण्याची पेंड कालवून केलेली घट्ट गोळी. गळ लहान घ्यावा आणि त्याचा उलटा कांटा पकडीनें दाबून सपाट करावा. असें केल्यानें कांहीं मासे निसटतात, हें खरें. पण सोडून द्यावयाचा मासा न फाटतां सुटतो. शिवाय पथकांत पंधरा मुलें असलीं तर चार दिवसांत एकादा गळ कोणाच्या तरी बोटांत शिरणारच, आणि तेव्हां या दाबलेल्या कांट्याचें महत्त्व सर्वांना पटतें. डोळ्यांचें भय सर्वांत मोठें. दोन मुलांमध्यें दोन काठ्यांचें अंतर, आणि गळ फेंकण्यापूर्वीं मागें वळून पाहणें, हे दोन नियम मोडणाऱ्याची काठी त्या दिवसापुरती जमा करावी.

मुलगा प्रथम मासा धरावयास बसतो तेव्हां त्याला वाटतें, पाणी म्हणजे सगळें एकच. थोड्या वेळानें त्याला दिसूं लागतें कीं पाण्याला मजले आहेत. आपल्याकडील जलाशयांत कटला, रोहू आणि मृगल यांचें बी सोडतात, तें उगीच नव्हे. कटल्याचें तोंड वरच्या बाजूस वळलेलें असतें, कारण तो पृष्ठभागाजवळचें खातो. रोहू मधल्या थरांत चरतो. मृगलाचें तोंड खालीं, तो तळाचा गाळ चाळतो. एकाच पाण्यांत तिघांचें बिऱ्हाड, आणि चुली तीन. हें एकदां कळलें कीं मुलगा भेंड वरखालीं सरकवून दोऱ्याची खोली बदलूं लागतो, आणि मग त्याला घड्याळाची आठवण राहत नाहीं.

पहिल्या दिवशीं गळाला लागते ती बहुधा चिलापी. ही मूळची आफ्रिकेंतली. १९५२ सालीं ती भारतांत आणली गेली आणि आतां बहुतेक जलाशयांत पसरली आहे. हिची मादी अंडीं व पिलें तोंडांत सांभाळते. ही माहिती ऐकल्यावर मुलें हातांतल्या चिलापीचें तोंड उघडून पाहतात. मरळीची गोष्ट याहून चमत्कारिक. ती पाण्याबाहेरचा श्वास घेते, म्हणून ओलसर फडक्यांत कितीतरी वेळ जिवंत राहते. तिचीं लालसर पिलें कांठाजवळ पृष्ठभागावर घोळक्यानें फिरतात, आणि खालीं मोठा मासा राखण करीत असतो. असा घोळका दिसला तर तेथें गळ टाकूं नये. राखणदार उचलला कीं सगळा घोळका इतर माशांच्या तोंडीं जातो. शिंगाळ्याच्या पंखांना बळकट कांटे असतात, त्यांनीं हात फाटतो. तो मोठ्या माणसानेंच गळावरून सोडवावा.

पावसाळा हा माशांच्या विणीचा काळ. नवें पाणी आलें कीं रोहू-कटल्यासारखे मासे प्रवाहाच्या उलट चढतात. त्या दिवसांत गळ घेऊन जाणें कोणत्याहि अंगानें शहाणपणाचें नाहीं. मासा पोटुशी असतो आणि नदी बेभरंवशाची. कार्तिकाच्या सुमारास पाणी निवळलेलें असतें, जलाशय भरलेले असतात, आणि थंडी अजून कडक झालेली नसते. पौषांतली परभणीची थंडी पुण्या-मुंबईच्या लोकांना खरी वाटत नाहीं. पण विद्यापीठाच्या वेधशाळेंत कधीं कधीं पारा ५ अंशांच्याहि खालीं उतरतो. पाण्याच्या कांठीं ती रात्र तंबूंत काढणें लहान मुलांच्या आवांक्याबाहेरचें आहे.

पाण्यांत सुरुंग किंवा जेलेटिन उडवून आणि विष कालवून मासे मारणें हा प्रकार कोठें कोठें चालतो. १८९७ च्या कायद्यानेंच हा गुन्हा ठरविला गेला होता. एका धमाक्यांत मोठे मासे मरतात, तसें बोटाएवढें बीहि मरतें, आणि पुढल्या वर्षीं भोयाचें जाळें रिकामें येतें. हें मुलांना भाषण करून सांगण्यापेक्षां मामालाच सांगूं द्यावें.

आतां एक नाजूक गोष्ट. या पथकांत सर्व घरचीं मुलें असतात. कोणाच्या घरीं गळ्यांत तुळशीची माळ असते, कोणी जैन असतो, कोणाच्या घरीं मासा हा सणाचा पदार्थ असतो, तर कोणाच्या घरीं मासे विकूनच घर चालतें. मासे धरणें ही हिंसा आहे काय, असा प्रश्न एकादा मुलगा शेकोटीजवळ विचारतोच. शिक्षकानें त्याला टोलवूं नये. हिंसा आहे, असेंच प्रामाणिक उत्तर दिलें पाहिजे. आणि ती ज्यानें त्यानें किती व कशासाठीं पत्करावी, हें ज्याचें त्यानें ठरवावें. ज्याला गळ धरावयाचा नसेल त्याच्यावर सक्ति करूं नये, आणि त्याला 'भित्रा' म्हणणाऱ्याची कानउघाडणी करावी. वहींत माशांची नोंद करणें, पाण्याची उष्णता मोजणें, पक्ष्यांची गणती करणें हीं कामें काय कमी मोलाचीं आहेत? तशीच उलट बाजूहि आहे. मासे खाणाऱ्याच्या पंगतींत बसून नाक मुरडणाऱ्या मुलालाहि तितक्याच स्पष्टपणें समज दिली पाहिजे. दोन चुली मांडाव्या; एकीवर येसराची आमटी, दुसरीवर कालवण. भाकरी मात्र एकाच ताटांतून वांटावी.

जेवढें खावयाचें तेवढेंच ठेवावें. वितीपेक्षां लहान मासा ओल्या हातानें उचलून लगेच परत सोडावा. ठेवलेला मासा टोपलींत तडफडत ठेवूं नये. डोक्यावर एकच नेमका टोला देऊन त्याचें दुःख संपवावें. हें काम प्रथम करतांना मुलाचा हात थरथरतो. तो थरथरावा हेंच चांगलें.

पोहण्याच्या बाबतींत पहिल्याच दिवशीं, कमरेभर पाण्यांत व पोहणाऱ्या मोठ्या इसमांच्या देखत, प्रत्येक मुलाची परीक्षा घ्यावी. ज्याला येत नाहीं त्यानें तरंगजाकीट घातल्याखेरीज पाण्याच्या दहा हात जवळ जावयाचें नाहीं, मग तो गळ टाकावयास कां जाईना. मुलांच्या जोड्या लावाव्या. शिटी वाजली कीं प्रत्येकानें आपल्या जोडीदाराचा हात धरून वर करावयाचा. जो एकटा उभा राहील त्याचा जोडीदार कोठें आहे, हा प्रश्न त्याच क्षणीं सुटला पाहिजे. दर दहा मिनिटांनीं ही शिटी वाजवावी. मुलें कंटाळतात, चेष्टा करतात, करूं द्यावी.

कोणी बुडत असलेला दिसला, तर मागोमाग उडी घेण्याचा मोह अनावर होतो, आणि एकाच्या जागीं दोन-तीन भावंडें गेल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत वारंवार येतात, त्या याच मोहाच्या असतात. मुलांना एवढेंच घटवावें कीं प्रथम ओरडावें, मग काठी पुढें करावी, ती पुरत नसेल तर दोर अगर रिकामा झांकणबंद डबा फेंकावा. आंत जाणें हें शिकलेल्या मोठ्या माणसाचें काम. गांवोगांवीं अजून बुडालेल्याला उलटें टांगण्याची व पोट दाबून पाणी काढण्याची रीति आहे. तींत मोलाचा वेळ जातो. श्वास चालत नसेल तर त्याला उताणें निजवून, मान मागें करून, प्रथम तोंडानें दोन ते पांच श्वास द्यावे. मग छातीच्या मध्यभागीं मिनिटाला १०० ते १२० या गतीनें ३० वेळां दाबावें, पुन्हा दोन श्वास द्यावे, आणि मदत येईपर्यंत हें चालू ठेवावें. महाराष्ट्रांत २०१४ पासून १०८ या अंकावर रुग्णवाहिका मिळते. पण येलदरीच्या माळावर दूरध्वनीला आवाज कोठें मिळतो, हें आधींच पाहून ठेवलेलें असावें.

रात्रीचें भय पाण्याहून निराळें. मण्यार रात्रीं फिरतो आणि उबेला अंथरुणांत येतो. त्याचा दंश पुष्कळदां दुखतहि नाहीं. यासाठीं तंबूची चेन बंद, मच्छरदाणीची कड अंथरुणाखालीं खोंवलेली, आणि बाहेर जातांना पायांत बूट व हातांत विजेरी, एवढें असलें म्हणजे पुष्कळ झालें. दंशाची शंका जरी आली तरी मांत्रिकाकडे न जातां सरळ सरकारी रुग्णालय गांठावें. तेथें लस असते.

तळ उठविण्याच्या सकाळीं मुलें घरच्या ओढीनें घाई करतात, आणि खरें काम तेव्हांच उरलेलें असतें. चुलींवर पाणी ओतून राख हातानें चाचपून पाहावयाची, शौचाचे चर बुजवावयाचे, संस्थेला द्यावयाची माशांची यादी नीट उतरून काढावयाची. नंतर गळांची मोजदाद. पहिल्या दिवशीं जेवढे गळ वांटले तेवढे परत आलेच पाहिजेत. एकहि कमी भरला, तर गाडी थांबवून सर्वांनीं तो गवतांत शोधावयाचा, कारण दुपारीं त्याच कांठावर गांवचीं गुरें पाण्याला येतात. दोऱ्याचे तुटलेले तुकडेहि वेंचावे लागतात. ते बगळ्यांच्या व टिटव्यांच्या पायांना गुरफटतात. मामा तोंवर एकाद्या खडकावर बसून विडी ओढीत असतो, आणि मुलांना न सांपडलेला शेवटचा गळ बहुधा त्याच्याच नजरेस पडतो.